महाधमनीत गुठळी, एपीटीटी लांबलेला, प्लेटलेट कमी: हेपरिन द्यायचं की थांबायचं?

रामबाग_फिजिशियन

नमस्कार मंडळी. इंदूरमध्येच दाखल असलेल्या एका रुग्णाबद्दल नेमका सल्ला हवा आहे, आणि वेळ कमी आहे.

बाई ३६ वर्षांच्या, वजन ५८ किलो, देवास जिल्ह्यातल्या खेड्यातून आल्या आहेत. सहा वर्षांपासून ल्यूपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार). हायड्रॉक्सिक्लोरोक्विन २०० मिग्रॅ आणि प्रेडनिसोलोन १० मिग्रॅ रोज चालू. चार दिवसांपासून डाव्या पायाची दोन बोटं जांभळी पडली आहेत आणि प्रचंड ठणकतात, पण पायाच्या नाड्या दोन्हीकडे लागतात. कालपासून डाव्या बरगडीखाली दुखतंय.

सीटी अँजिओत डाव्या सबक्लेव्हियनच्या (हाताकडे जाणाऱ्या धमनीच्या) थोडं खाली, उतरत्या महाधमनीत २८ × ९ मिमीची गुठळी आहे. बुड भिंतीला चिकटलेलं, टोक प्रवाहात मोकळं. धमनी फुगलेली नाही. प्लीहेत छोटा इन्फार्क्ट (रक्त न पोचल्याने मेलेला भाग).

रक्तात हिमोग्लोबिन १०.२, प्लेटलेट ९२,०००, एपीटीटी (नळीत रक्त गोठायला लागणारा वेळ) ५८ सेकंद (कंट्रोल ३०), आयएनआर (गोठण्याचीच दुसरी चाचणी, वॉरफरिनसारख्या गोळीचा डोस हिच्यावर ठरतो) १.१, क्रिएटिनिन १.३. लघवीत प्रथिनं दोन प्लस. सिफिलिसची प्राथमिक चाचणी व्हीडीआरएल १:४ पॉझिटिव्ह, खात्रीची चाचणी टीपीएचए निगेटिव्ह.

ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी हेपरिन (रक्त गोठू न देणारं इंजेक्शन) थांबवून ठेवलंय. त्यांचं म्हणणं, एपीटीटी आधीच जवळजवळ दुप्पट आहे, प्लेटलेट लाखाच्या खाली आहेत, वर हेपरिन दिलं तर रक्तस्राव होईल. हे बरोबर आहे का? आणि पुढे गोळी कोणती द्यायची? नातेवाइकांना दर आठवड्याला आयएनआरसाठी इंदूरला येणं अवघड आहे.

---

संधिवात_मालवा

डॉक्टरसाहेब, हेपरिन थांबवू नका. एपीटीटी, प्लेटलेट आणि व्हीडीआरएल, हे तिन्ही एकाच आजाराकडे, अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोमकडे बोट दाखवतात, आणि तो आजार रक्त सांडवणारा नाही, गोठवणारा आहे.

एपीटीटीच्या नळीत रक्त गोठवायला फॉस्फोलिपिड घातलेलं असतं. ल्यूपस अँटिकोॲग्युलंट ही प्रतिपिंडं त्या फॉस्फोलिपिडलाच अडवून धरतात, म्हणून नळीत गोठायला वेळ लागतो. शरीरात मात्र हीच प्रतिपिंडं रक्तवाहिनीचं अस्तर, मोनोसाइट आणि प्लेटलेट यांना चेतवतात आणि गुठळी धरते. नावात ‘अँटिकोॲग्युलंट’ असल्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या गैरसमज होत आलाय. व्हीडीआरएलच्या द्रावणातही कार्डिओलिपिन असतं, म्हणून सिफिलिस नसताना ती चाचणी पॉझिटिव्ह आली. आणि प्लेटलेट ९२,००० असणं हे या आजारात नेहमीचं. त्या कमी आहेत म्हणून गुठळीपासून संरक्षण मिळत नाही. ५०,०००च्या वर असतील आणि कुठून रक्त जात नसेल, तर पूर्ण डोस देता येतो. त्याखाली गेल्या तर डोस कमी करायचा विचार.

आता क्रम. आधी रक्ताचे नमुने, मग लगेच पहिला डोस. नमुने घ्यायला दहा मिनिटं लागतात, तेवढं थांबा. निकालासाठी थांबू नका. ल्यूपस अँटिकोॲग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आयजीजी व आयजीएम, बीटा-२ ग्लायकोप्रोटीन-१ विरोधी आयजीजी व आयजीएम. सोबत ल्यूपस किती भडकलाय ते दाखवणारे डीएसडीएनए, सी३, सी४, अल्ब्युमिन, एलडीएच, रक्ताची स्मिअर (काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा नमुना), लघवीतलं प्रथिन-क्रिएटिनिन गुणोत्तर, रक्ताचं कल्चर.

एनॉक्सापॅरिन किलोमागे १ मिग्रॅ, दर १२ तासांनी. तुमच्या आकड्यांवरून क्रिएटिनिन क्लिअरन्स मिनिटाला ५५ मिलीच्या आसपास येतो, म्हणजे ६० मिग्रॅची सिरिंज दिवसातून दोनदा चालेल. क्लिअरन्स ३० च्या खाली घसरला तर तोच डोस दिवसातून एकदा. मूत्रपिंडाला ल्यूपस लागल्यासारखा दिसतोय, म्हणून क्रिएटिनिन रोज बघा.

सर्जन आज-उद्या हात घालतील अशी शक्यता असेल तर साधं हेपरिन शिरेतून बरं, कारण ते बंद केल्यावर काही तासांत उतरतं आणि प्रोटामिनने लगेच मोडता येतं. पण इथे एक खोच आहे. साध्या हेपरिनचा वेग एपीटीटीवर ठरवतात, आणि या बाईंचा एपीटीटी हेपरिनशिवायच ५८ आहे. नेहमीच्या तक्त्याप्रमाणे चाललात तर ‘पुरेसं झालं’ म्हणून वेग कमी कराल आणि प्रत्यक्षात त्यांना काहीच मिळत नसेल. त्यामुळे साधं हेपरिन द्यायचं तर अँटि-टेन-ए पातळीवर (हेपरिनचा परिणाम थेट मोजणारी तपासणी), ०.३ ते ०.७ मध्ये ठेवून. ती तपासणी तासाभरात मिळणार नसेल तर वजनावर एनॉक्सापॅरिन जास्त भरवशाचं.

अल्ब्युमिन २.५ च्या खाली असेल तर लघवीवाटे अँटिथ्रॉम्बिनही (रक्त गोठणं आवरणारं प्रथिन) वाहून जात असणार. हेपरिन अँटिथ्रॉम्बिनच्या खांद्यावर बसून काम करतं. तेच कमी असेल तर ठरलेला डोस तोकडा पडतो. अशा वेळी एनॉक्सापॅरिनचीही पातळी बघा, तिसऱ्या डोसनंतर चार तासांनी, ०.६ ते १.० अपेक्षित.

आणखी एक गोष्ट डोक्यात ठेवून रोज तपासा. बोटं, प्लीहा, आणि आता क्रिएटिनिन. आठवड्याच्या आत तीन अवयव गेले की कॅटास्ट्रॉफिक अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोमची (याच आजाराच्या झपाट्याने पसरणाऱ्या, जीवघेण्या रूपाची) शंका येते. मात्र एकाच गुठळीचे तुकडे सुटून दोन ठिकाणी अडकले, तर ती वेगळी गोष्ट. कॅटास्ट्रॉफिकमध्ये बारीक रक्तवाहिन्या जागच्या जागी बंद होतात. स्मिअरमध्ये तुटक्या लाल पेशी, वाढतं एलडीएच, झपाट्याने घसरणारे प्लेटलेट, धाप, गोंधळलेपणा यांतलं काही दिसलं तर हेपरिनवर भागत नाही. हेपरिन, मेथिलप्रेडनिसोलोन (स्टिरॉइड), आणि प्लाझ्मा एक्स्चेंज (रक्तातला द्रव बदलणं) किंवा आयव्हीआयजी (शिरेतून दिलेली प्रतिपिंडं), असे तिन्ही एकत्र आणि त्याच दिवशी.

---

प्लाझ्मा_इंदूर

नमुन्याबद्दल बोलतो, कारण ल्यूपस अँटिकोॲग्युलंटचे चुकीचे रिपोर्ट बहुतेक वेळा मशीनमुळे नाही, रक्त घेतल्यानंतरच्या पहिल्या तासातल्या हलगर्जीमुळे येतात.

निळ्या टोपणाची नळी, ३.२ टक्के सोडियम सायट्रेट. २.७ मिलीच्या नळीत रक्त अगदी खुणेपर्यंत भरलं पाहिजे. प्रमाण नऊ भाग रक्त, एक भाग सायट्रेट. अर्धी नळी पाठवली की सायट्रेट जास्त होतं आणि सगळ्या वेळा खोट्या लांबतात. सलाइन किंवा हेपरिनच्या लाइनमधून रक्त काढू नका, दुसऱ्या हाताची ताजी शीर घ्या. नळी हलकेच तीन-चारदा उलटीपालटी करा, झटकू नका.

प्लाझ्मा सेंट्रिफ्यूजमध्ये दोनदा फिरवावा लागतो. पहिल्यांदा १५ मिनिटं, वरचा प्लाझ्मा प्लास्टिकच्या पिपेटने प्लास्टिकच्याच नळीत घ्यायचा, पांढऱ्या थराच्या वर साधारण अर्धा सेंटिमीटर प्लाझ्मा सोडून द्यायचा, आणि वर काढलेला प्लाझ्मा पुन्हा १५ मिनिटं. का? प्लेटलेट राहिल्या की गोठवताना फुटतात, त्यांचं फॉस्फोलिपिड प्लाझ्म्यात मिसळतं आणि प्रतिपिंडं तिथेच खर्ची पडतात. रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो. दोनदा फिरवल्यावर मायक्रोलिटरमागे १०,००० पेक्षा कमी प्लेटलेट उरायला हव्यात. हे सगळं चार तासांत. नमुना मुंबई-दिल्लीला जाणार असेल तर गोठवून, ड्राय आइसमध्येच. संपूर्ण रक्ताची नळी बर्फाच्या पिशवीत कुरिअर करणं म्हणजे पैसे आणि नमुना दोन्ही वाया.

मागणीपत्रावर चालू औषधं लिहाच. डीआरव्हीव्हीटी ही ल्यूपस अँटिकोॲग्युलंटची चाचणी, तिच्या रिएजंटमध्ये हेपरिन निष्प्रभ करणारा घटक असतो, पण त्यालाही मर्यादा आहे, म्हणून डोस सुरू झाल्यावर नमुना घ्यायचाच तर पुढच्या इंजेक्शनच्या आधी, शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी. रिव्हरॉक्साबॅन या रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळीवर असलेल्या माणसाचा डीआरव्हीव्हीटी खोटा पॉझिटिव्ह येतो. सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारा आकडा) खूप चढलेला असेल तर एपीटीटीवर आधारलेली चाचणी फसवते. अँटिकार्डिओलिपिन आणि बीटा-२ ला यातली कुठलीच अडचण नाही. ती साध्या सीरमवर होतात आणि हेपरिनने बिघडत नाहीत. म्हणून नमुन्याची एकच संधी असेल तर निदान तेवढं तरी सोडू नका.

आणि बारा आठवड्यांनी पुन्हा. एका पॉझिटिव्हवर शिक्का मारता येत नाही, कारण साध्या विषाणूच्या तापानंतरही ही प्रतिपिंडं थोड्या दिवसांपुरती वर येतात. उलट बाजूही आहे: ताज्या मोठ्या गुठळीत प्रतिपिंडं खर्च होऊन पातळी खाली दिसू शकते. पहिला रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून फाइल बंद करू नका.

---

सीटी_कन्सोल

रिपोर्टमध्ये ‘महाधमनीत थ्रॉम्बस’ एवढं एक वाक्य असेल तर ते पुरेसं नाही. हेपरिन सुरू करण्यापूर्वी रेडिओलॉजिस्टला एक प्रश्न विचारा: कॉन्ट्रास्टच्या आधीचे, साधे काप घेतले होते का?

कारण असा. भिंतीच्या आत रक्त साकळलं, म्हणजे इंट्राम्युरल हिमॅटोमा झाला, तर अँजिओत तोही महाधमनीच्या कडेला काळसर पट्ट्यासारखा दिसतो. साध्या कापात मात्र त्याची पांढरट चंद्रकोर उठून दिसते. चुन्याचे ठिपके असतील तर हिमॅटोमात ते आतल्या बाजूला ढकललेले असतात, आणि आतल्या गुठळीत ते गुठळीच्या बाहेर, भिंतीच्या जागीच राहतात. हा फरक चुकला आणि हिमॅटोमाला हेपरिन दिलं तर रुग्ण दगावू शकतो. तुमच्या वर्णनात टोक प्रवाहात मोकळं आहे, त्यामुळे ही आतलीच गुठळी वाटते. तरी साधे काप डोळ्याने बघून घ्या.

दुसरं, उशिराचे काप. धमनीच्या टप्प्यात कॉन्ट्रास्ट नीट न मिसळल्यामुळेही पोकळी काळी दिसते, विशेषतः कमानीच्या वळणावर. मिनिटभराने घेतलेल्या कापात ती भरून येते. खरी गुठळी तशीच राहते. आणि ‘गुठळी’ स्वतःच कॉन्ट्रास्ट पिऊन उजळत असेल तर सावध व्हा: महाधमनीचा सार्कोमा (कर्करोग) असाच दिसतो, तुकडेही असेच सोडतो, आणि रक्त पातळ करून आकार कमी होत नाही. विरळ आहे, पण महिनाभर नीट औषध घेऊनही गुठळी जराही हलली नाही तर पेट-सीटी करा.

तिसरं, भिंत. हाच खरा गाभा आहे. धमनीची भिंत गोल सर्व बाजूंनी जाड झालीय का, उशिराच्या कापात ती कड्यासारखी उजळते का, सबक्लेव्हियन किंवा कॅरोटिड मुळाशी अरुंद झालीय का. तसं असेल तर टाकायासूसारखा (मोठ्या धमन्यांच्या भिंतीचा) दाह आहे आणि गुठळी ही त्याची पावती. तिथे स्टिरॉइड आणि इम्युनोसप्रेसंट हे मुख्य औषध. भिंत पातळ, गुळगुळीत, आणि त्यावर एकटीच लोंबती गुठळी असेल तर दोष रक्तात शोधायचा. पस्तिशीतल्या ल्यूपसच्या बायकांतही प्लाक (धमनीच्या भिंतीवरचा चरबीचा थर) सापडतो, वर्षानुवर्षांच्या दाहामुळे आणि स्टिरॉइडमुळे. म्हणून वय कमी आहे म्हणून प्लाक शोधायचं सोडू नका.

सर्जनला लागणारी मापं रिपोर्टमध्ये मागून घ्या: डाव्या सबक्लेव्हियनच्या मुखापासून गुठळीच्या बुडाचं अंतर, बुडाची रुंदी, गुठळीच्या वर आणि खाली निरोगी धमनीचा व्यास, आणि मांडीपर्यंतच्या धमन्या. पोटाची सोनोग्राफी किंवा पायाचा डॉप्लर यांत छातीतली महाधमनी दिसत नाही. ‘डॉप्लर नॉर्मल’ या शब्दांवर जांभळ्या बोटांचा रुग्ण घरी जातो तो इथेच.

टीईई (अन्ननलिकेतून केलेली हृदयाची सोनोग्राफी) जरूर करा. गुठळी किती हलते ते तिथे कळतं आणि हृदयाच्या मायट्रल झडपेवर लिबमन-सॅक्स व्हेजिटेशन (ल्यूपसमध्ये जमणाऱ्या, जंतू नसलेल्या गाठी) आहेत का तेही एकाच खेपेत दिसतं. ल्यूपसमध्ये बोटात गेलेला तुकडा महाधमनीतून आला की झडपेवरून, हे गृहीत धरू नये. फक्त श्वासनलिका मध्ये येत असल्याने चढत्या महाधमनीच्या वरच्या भागापासून कमानीच्या सुरुवातीपर्यंतचा तुकडा टीईईला दिसत नाही, तिथे सीटीच.

---

रामबाग_फिजिशियन

फार मोलाचं सांगितलंत सगळ्यांनी. साधे काप बघितले, चंद्रकोर नाही, भिंत पातळ आहे. दोन्ही हातांचा रक्तदाब सारखा, मानेत ब्रुई (अरुंद धमनीतून येणारा प्रवाहाचा आवाज) नाही. नमुने घेऊन ६० मिग्रॅचा पहिला डोस गेला. अल्ब्युमिन ३.१ आहे, स्मिअरमध्ये तुटक्या पेशी नाहीत. दोन गर्भपातांचा इतिहास विचारल्यावर निघाला, एक १२ आणि एक १६ आठवड्यांचा.

आता गोळीचं. नातेवाईक म्हणतात रिव्हरॉक्साबॅन द्या, तपासणी लागत नाही. आणि ऑपरेशन करून गुठळी काढूनच का टाकू नये?

---

संधिवात_मालवा

रिव्हरॉक्साबॅन देऊ नका. इथे मी अगदी ठाम आहे. २०१८ साली इटलीतल्या ट्रॅप्स चाचणीत तिन्ही प्रतिपिंडं पॉझिटिव्ह असलेल्या १२० जणांना रिव्हरॉक्साबॅन किंवा वॉरफरिन दिलं होतं. रिव्हरॉक्साबॅनच्या ५९ जणांत सात जणांना नवी गुठळी झाली, चौघांना पक्षाघात आणि तिघांना हार्ट ॲटॅक. वॉरफरिनच्या ६१ जणांत एकालाही नाही. चाचणी मध्येच थांबवावी लागली. पुढच्या वर्षी युरोपच्या औषध नियामकाने या गटातल्या सगळ्याच नव्या गोळ्यांबद्दल इशारा दिला. या बाईंची गुठळी धमनीतली आहे, म्हणजे नव्या गोळ्या जिथे सगळ्यात कमी पडतात नेमकी तीच जागा. तिन्ही पॉझिटिव्ह आहेत की नाही हे कळेपर्यंत तरी त्या हातात देऊ नयेत, आणि धमनीतली गुठळी असेल तर नंतरही नाही.

म्हणजे वॉरफरिन किंवा आपल्याकडे जास्त चालणारं ॲसेनोकुमरॉल. २०१९ च्या युलार (युरोपातली संधिवात संघटना) शिफारशींत धमनीतल्या गुठळीसाठी तीन वाटा आहेत: आयएनआर २ ते ३, आयएनआर ३ ते ४, किंवा २ ते ३ ठेवून सोबत कमी डोसचं ॲस्पिरिन. प्लेटलेट ९२,००० आणि लघवीत प्रथिनं असताना ३ ते ४ कडे जाणं धोक्याचं वाटतं. २ ते ३ आणि प्लेटलेट स्थिर राहिल्यावर ॲस्पिरिन ७५, असं करावं. पहिल्या दिवसापासून दोन्ही एकदम लादू नका.

गोळी सुरू झाली की हेपरिन किमान पाच दिवस सोबत चालू राहिलंच पाहिजे, आणि आयएनआर २ च्या वर सलग दोन दिवस टिकल्यावरच बंद. या गोळ्या सुरुवातीला प्रोटीन सी आधी खाली आणतात, त्यामुळे पहिल्या दोन-तीन दिवसांत रक्त उलट गोठण्याकडे झुकतं. ‘आयएनआर दोन झाला, इंजेक्शन बंद’ ही घाई इथे बोट घालवते.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन कमी आहे. ५८ किलोला किलोमागे ५ मिग्रॅ म्हणजे २९० मिग्रॅपर्यंत जागा आहे. एक दिवस २००, एक दिवस ३०० करा. ते गुठळ्यांपासूनही राखतं. मूत्रपिंड थोडं कमजोर असल्याने डोळ्यांची ओसीटी (या औषधाने पडद्याला इजा होतेय का ते बघणारी तपासणी) पाच वर्षांची वाट न बघता दरवर्षी. त्यांची सहा वर्षं झालीच आहेत, एकदा झाली का विचारा. लघवीतलं गुणोत्तर ०.५ च्या वर असेल तर मूत्रपिंडाच्या बायोप्सीचा प्रश्न येईल, पण त्यासाठी आज हेपरिन सोडू नका. गुठळी आटोक्यात आल्यावर ठरवता येईल.

गर्भनिरोधक गोळ्या घेतात का हे स्पष्ट विचारा, ‘दुसरी काही औषधं’ म्हटलं की बायका ती सांगत नाहीत. इस्ट्रोजेन असलेली गोळी आजच बंद. आणि वॉरफरिन किंवा ॲसेनोकुमरॉल चालू असताना दिवस राहिले तर सहाव्या आठवड्याच्या आत हेपरिनवर आणावं लागतं, हे नवऱ्यालाही समोर बसवून सांगा.

---

रक्तवाहिनी_सर्जन

ऑपरेशनबद्दल. गुठळी दिसली की काढावीशी वाटते, ते समजू शकतो. पण या बाईंच्या बाबतीत पहिली पाळी औषधाची आहे. रक्त पातळ केल्यावर अशा बऱ्याच गुठळ्या काही आठवड्यांत लहान होतात किंवा पूर्ण विरतात. दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा सीटी, त्याच प्रोटोकॉलने, म्हणजे मापं जुळवता येतील.

हात घालायचा तो तीन कारणांनी: नीट औषध चालू असताना पुन्हा तुकडा सुटला, गुठळी वाढली, किंवा पोट-मूत्रपिंडाच्या धमनीच्या तोंडाशीच ती लोंबत असेल. तेव्हा स्टेंट-ग्राफ्टने गुठळी भिंतीवर दाबून टाकता येते. त्याला सबक्लेव्हियनच्या खाली साधारण दोन सेंटिमीटर निरोगी धमनी धरायला लागते, म्हणून वर मापं मागितली आहेत. या वयातल्या बाईची महाधमनी १८-२० मिमीची असू शकते, तेवढ्या लहान ग्राफ्टची आधीच चौकशी करावी लागते. आणि दाह चालू असलेल्या भिंतीत ग्राफ्ट बसवला तर त्याच्या टोकांशी पुन्हा अरुंदपणा किंवा फुगवटा येतो, म्हणून टाकायासूत आधी दाह शांत करायचा.

सगळ्यांना कळकळीने सांगतो, मांडीतून कॅथेटर घालून साधी अँजिओग्राफी ‘एकदा बघून घेऊ’ म्हणून करू नका. तार त्या लोंबत्या टोकाला लागली की तुकडा सुटतो. बेहचेट्स या रक्तवाहिन्यांच्या दाहाच्या आजाराची शंका असेल, म्हणजे तोंडात वारंवार फोड, जननेंद्रियावर जखमा, डोळे लाल, तर टोचलेल्या जागी खोटा अन्युरिझमही (धमनीचा फुगवटा) उभा राहतो. गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेजसारखं औषधही इथे नको. बुड आधी विरघळलं तर अख्खी गुठळी खाली जाते.

पायाकडे लक्ष. जांभळी बोटं ठणकतात म्हणून घरचे गरम पाण्याची पिशवी लावतात. रक्त कमी असलेल्या बोटाला ऊब दिली की कातडी जळते आणि काळी पडते. नुसता कापूस, सैल मोजा, पाय पलंगाच्या पातळीत किंवा किंचित खाली. उशीवर उंच ठेवू नका. बोट काळं पडलं तरी कोरडं असेल तर कापायची घाई नको, सीमारेषा स्पष्ट होऊ द्या.

पाय अचानक पांढरा, थंड, नाडी गायब, बोटं हलवता येईनात, बधिर झाला, तर मोठा तुकडा खाली आलाय. तिथून सहा तासांच्या आत रक्त परत गेलं पाहिजे. फोगार्टी बलूनने (धमनीत घालून गुठळी ओढून काढणाऱ्या फुग्याच्या नळीने) काढलेली गुठळी बादलीत टाकू नका. अर्धी हिस्टोपॅथॉलॉजीला, अर्धी कल्चरला. सार्कोमा आणि जंतुसंसर्ग दोन्ही तिथेच पकडले जातात. जेवणानंतर पोटात असह्य दुखतंय आणि हात लावल्यावर मात्र पोट मऊ, तर आतड्याची धमनी समजून लगेच सीटी.

---

दवाबाजार_फार्मसिस्ट

गोळीबद्दल दोन शब्द. ॲसेनोकुमरॉल १, २, ३, ४ मिग्रॅमध्ये येतं आणि पट्ट्या सारख्याच दिसतात. डोस बदलला की जुनी पट्टी घरातून काढून टाकायला सांगा. एकाच ताकदीची गोळी ठेवून अर्धी-पाऊण करण्यापेक्षा पर्चीवर ‘सोमवार ते शनिवार २, रविवारी ३’ असं वार लिहून दिलेलं खेड्यातल्या माणसाला नीट पाळता येतं. वेळ संध्याकाळी ठराविक, म्हणजे सकाळच्या आयएनआरवरून त्याच दिवशी बदल करता येतो. हे औषध वॉरफरिनपेक्षा लवकर उतरतं, त्यामुळे दोन दिवस चुकले तर आयएनआर लगेच पडतो. इंदूरपासून लांब राहणाऱ्या, गोळी चुकण्याची शक्यता असलेल्या रुग्णाला वॉरफरिन जास्त सोसतं. डॉक्टरांनी हे ठरवताना जरूर धरावं.

खाण्याबद्दल ‘पालेभाजी बंद’ असं सांगू नका. थंडीत आपल्याकडे बथुआ, मेथी, पालक, हरभऱ्याची भाजी रोज ताटात येते आणि उन्हाळ्यात एकदम गायब होते. आयएनआर डिसेंबरात खाली आणि एप्रिलमध्ये वर, याचं कारण पुष्कळदा हेच. बंदीपेक्षा प्रमाण सारखं ठेवा, आठवड्यात दोनदा वाटीभर असेल तर वर्षभर दोनदा वाटीभर. मोसम बदलताना एक तपासणी जास्त. पोहे, बाफले, वरण यांनी काही बिघडत नाही.

खरा धोका गावातल्या दुकानावरून आणलेल्या गोळ्यांचा. ल्यूपसमध्ये सांधे दुखतात, मग डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन. त्याने पोटातून रक्त जातं आणि मूत्रपिंडही बिघडतं. जुलाबावर मेट्रोनिडॅझोल, अंगावरच्या पांढऱ्या पाण्यासाठी फ्लुकोनॅझोल, लघवीच्या जंतुसंसर्गावर कोट्रायमॉक्साझोल, या तिन्हींनी आयएनआर काही दिवसांत दुप्पट होऊ शकतो. क्षयाच्या उपचारातलं रिफाम्पिसिन नेमकं उलट करतं, आयएनआर वर चढतच नाही. दुखण्यावर पॅरासिटामॉल, तेही दिवसाला दोन ग्रॅमच्या आत ठेवलेलं बरं. नवी कुठलीही गोळी सुरू झाली की चार-पाच दिवसांनी आयएनआर, हा एकच नियम पर्चीच्या मागे लिहून द्या.

---

रामबाग_फिजिशियन

शेवटचं विचारतो. घरी बोटाच्या रक्तावर आयएनआर बघायचं यंत्र घेतलं तर इंदूरच्या खेपा वाचतील का? आणि त्यांच्या दोन दाढा काढायच्या आहेत, दंतवैद्यांनी गोळी आठवडाभर बंद करायला सांगितलंय.

---

प्लाझ्मा_इंदूर

यंत्राबाबत जपून. त्याच्या पट्टीतही फॉस्फोलिपिड असतं, आणि ल्यूपस अँटिकोॲग्युलंट असलेल्या काही रुग्णांत ते आयएनआर खोटा वर दाखवतं. यंत्र ३.८ म्हणतं, प्रत्यक्षात २.३, आणि घरचे गोळी कमी करतात. घ्यायचंच असेल तर आधी तीन-चार वेळा एकाच दिवशी शिरेतल्या रक्ताशी ताडून बघा, आणि यंत्रावर ४ च्या वर आकडा आला तर शिरेच्या रक्तावर खात्री केल्याशिवाय डोस हलवू नका. प्रयोगशाळेतल्याही आयएनआरबद्दल शंका असेल तर क्रोमोजेनिक फॅक्टर टेनची पातळी बघता येते, ती या प्रतिपिंडांनी फसत नाही. तुमच्या रुग्णाचा गोळीआधीचा आयएनआर १.१ होता, म्हणजे प्रयोगशाळेतला आकडा बहुधा विश्वासाचा आहे. तो मूळ आकडा फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

---

संधिवात_मालवा

दाढांसाठी गोळी बंद करू नका. रक्त पातळ करणारं औषध अचानक थांबणं हे कॅटास्ट्रॉफिकच्या ओळखीच्या कारणांपैकी एक आहे, आणि दातातला जंतुसंसर्ग हे दुसरं. दोन्ही एकदम नकोत. गुठळीला तीन महिने होऊ द्या, दुसरा सीटी बघा. मग आदल्या दिवशी आयएनआर करा, ३ च्या आत असेल तर एका वेळी एकच दाढ, टाके, दाबून धरलेला कापूस, आणि ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडचं ५ टक्के द्रावण १० मिली, दोन मिनिटं तोंडात धरून थुंकायचं, दिवसातून चार वेळा, दोन दिवस. दंतवैद्यांना तुम्ही स्वतः फोन करा, चिठ्ठीवर सोडू नका. तोवर दाढ दुखली तर ॲमॉक्सिसिलिन चालेल, पण चौथ्या दिवशी आयएनआर.